'ओके': आला कुठून, इंग्रजीत त्याची किंमत किती आणि मराठीत येऊन त्याचं काय झालं?

लेखणीबहाद्दर (धागाकर्ता)

तीन प्रश्न टाकतो.

१. ओके हा शब्द कुठून आला? 'ऑल करेक्ट'पासून ग्रीकपर्यंत डझनभर कथा फिरतात.
२. इंग्रजीत तो नेमका किती चांगला? 'द रिपोर्ट इज ओके' असा शेरा आला तर ती शाबासकी समजायची की नाक मुरडणं?
३. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ तोच राहिला का?

ऐकीव कथा टाकायला हरकत नाही, फक्त ऐकीव म्हणून टाका. साल आणि जागा सांगता आली तर दुधात साखर.

ग्रीकवेडा

हे सोपं आहे. ग्रीक भाषेत 'ओला काला' म्हणजे 'सगळं छान'. अमेरिकन बंदरांवरचे ग्रीक खलाशी पेट्यांवर त्याची आद्याक्षरं लिहायचे. तिथून ओके.

जुनीपाने

@ग्रीकवेडा, 'ओला काला'चा अर्थ तुम्ही बरोबर सांगितलात. अडचण पेट्यांची आहे. त्या काळातली अशी एक पेटी, एक पावती, एक वहीचं पान दाखवता आलं पाहिजे, आणि ते कुणी दाखवलेलं नाही. ध्वनी जुळला की उगम सापडला असं धरलं तर मग स्कॉटिश 'ऑक आय', फिनिश 'ओइकेआ' आणि हैतीतल्या 'ओ काय' बंदराची रम, सगळेच दावेदार ठरतात. दोन अक्षरांचा शब्द जगातल्या कुठल्या ना कुठल्या भाषेत कशाशी तरी जुळतोच.

छापील पुरावा आहे तो असा. २३ मार्च १८३९, शनिवार. 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट', पान दुसरं. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन. 'अँटी-बेल-रिंगिंग सोसायटी' नावाचं थट्टेखोर मंडळींचं टोळकं होतं. त्यांच्या सहलीवरून प्रॉव्हिडन्सच्या 'जर्नल' या पत्राला चिमटा काढणारा मजकूर आहे आणि त्यात मध्येच 'ओ. के.' लिहून लगेच 'ऑल करेक्ट' असा खुलासा केलेला आहे. खुलासा महत्त्वाचा आहे. शब्द सर्वांना ठाऊक असता तर तो द्यावा लागला नसता.

आता 'ऑल करेक्ट'ची आद्याक्षरं 'ए' आणि 'सी' व्हायला हवीत, 'ओ' आणि 'के' कशी झाली? इथेच खरी गंमत आहे. १८३८ पासून बॉस्टनच्या पत्रांमध्ये आद्याक्षरांचं खूळ शिरलं होतं. 'नो गो' (जमायचं नाही) याचं एन. जी., 'गॉन टू टेक्सस' (देणी बुडवून पळाला) याचं जी. टी., 'स्मॉल पोटॅटोज' (किरकोळ माणसं) याचं एस. पी. मग त्यावर दुसरा थर चढला. स्पेलिंग मुद्दाम अडाण्यासारखं चुकवायचं आणि त्या चुकलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरं घ्यायची. 'ऑल राइट'चं झालं ओ. डब्ल्यू. 'नो गो'मधला 'नो' हा 'जाणणे'वाला 'नो' करून झालं के. जी. 'नो यूज'चं के. वाय. आणि 'ऑल करेक्ट' हे ओ-एल-एल, के-ओ-आर-आर-ई-सी-टी असं लिहून झालं ओ. के.

मराठीत कल्पना करायची तर, 'ठीक आहे' हे कुणी मुद्दाम 'टिक हाय' लिहावं, त्याचं 'टि. हा.' करावं आणि दोनशे वर्षांनी चिनी, अरबी, स्वाहिली माणसांनी एकमेकांना 'टिहा' म्हणावं, तसं हे आहे.

लेखणीबहाद्दर

म्हणजे 'बरोबर' या अर्थाचा जगातला सर्वांत चालणारा शब्द मुळात दोन्ही अक्षरं चुकवून तयार झाला!

पण मग के. जी., के. वाय. मेले आणि हाच का जगला?

जुनीपाने

निवडणुकीमुळे. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन दुसऱ्या खेपेला उभे होते. त्यांचं गाव न्यू यॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक'. न्यू यॉर्कमधल्या त्यांच्या समर्थकांनी त्या वसंतात 'ओ. के. क्लब' काढला. एका दगडात दोन पक्षी: आपला नेता ओ. के. आणि सगळं ओ. के.

विरोधी व्हिग पक्षाने तेच हत्यार उलटवलं. त्यांनी अफवा उठवली की व्हॅन ब्यूरन यांचे आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्ध लिहिता येत नव्हतं, ते कागदांवर 'ऑल करेक्ट' अशुद्ध लिहून त्याचं ओ. के. करत. शिवाय 'कॅश', 'क्रेडिट', 'कॅरॅक्टर', 'क्लोद्स' हे चारही शब्द 'सी'ऐवजी 'के'ने लिहून ओ. के. म्हणजे 'आउट ऑफ कॅश, आउट ऑफ क्रेडिट...' अशी टिंगल छापली. व्हॅन ब्यूरन हरले, विल्यम हेन्री हॅरिसन जिंकले, पण वर्षभर देशभरच्या पत्रांत ही दोन अक्षरं घुमत राहिली. के. जी.ला असा उमेदवार मिळाला नाही.

जॅक्सनची कथा आजही कुणी कुणी खरी म्हणून सांगतं. ती प्रचारातली थाप होती.

हे सगळं कुणी शोधलं तेही सांगतो, कारण पद्धत शिकण्यासारखी आहे. कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड. १९४१ साली त्यांनी 'सॅटर्डे रिव्ह्यू'त ओल्ड किंडरहूकचा पुरावा मांडला. पण क्लब निघाला १८४० मध्ये, आणि शब्द त्याआधीचा निघाला. तेव्हा ते जुनी वर्तमानपत्रं चाळत मागे मागे गेले आणि १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात लेखमालाच लिहिली. त्यांनी नुसता ओके शोधला नाही, त्याची मेलेली भावंडंही शोधली. एकटा ओ. के. सापडला असता तर तो योगायोग म्हणता आला असता. ओ. डब्ल्यू., के. वाय., के. जी. अशी अख्खी पिलावळ त्याच गावात, त्याच वर्षांत सापडली म्हणून उगम पक्का.

व्याकरणकाकू

जुनीपाने, फार छान. चॉक्टॉची कथा राहिली.

जुनीपाने

हो, ती जरा वजनदार आहे म्हणून वेगळी ठेवली होती. चॉक्टॉ हे अमेरिकेतले मूळ रहिवासी. त्यांच्या भाषेत 'ओके'सारखा उच्चार असलेला शब्द आहे, अर्थ साधारण 'तसंच आहे'. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा या व्युत्पत्तीवर विश्वास होता, म्हणून ते कागदांवर ओ-के-ई-एच असं लिहीत. (ओके रेकॉर्ड्स या १९१८ च्या ध्वनिमुद्रिका कंपनीचं स्पेलिंगही तेच, पण तिथे कारण निराळं: संस्थापक ओटो के. ई. हाइनमन यांची ती आद्याक्षरं.)

दुसरा विचार करण्याजोगा दावा पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेचा. 'वाव' म्हणजे हो, त्यावर जोर देणारा 'के'. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड डॅल्बी यांनी तो मांडला. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची बोली कागदावर फार कमी उतरली, त्यामुळे 'कागद नाही म्हणून शब्द नाही' असं धडधडीत म्हणता येत नाही हे कबूल. तरीही १८३९ च्या बॉस्टनमध्ये शब्द 'ऑल करेक्ट' असा फोडून दाखवलाय आणि तिथून पुढे एकही कडी तुटत नाही. दोन्ही दावे या साखळीला बाहेरून येऊन टेकतात, तिच्यात कुठे ओवले जात नाहीत.

बाकीच्या कथांना झटपट चाळणी:
अमेरिकन यादवी युद्धातली ऑरिन केंडॉल बिस्किटं: युद्ध १८६१ ला सुरू झालं, शब्द १८३९ चा. बाद.
'झीरो किल्ड' (शून्य ठार): तेच युद्ध, तेच उत्तर. बाद.
टेनेसीतल्या १७९० च्या न्यायालयीन नोंदीत ओ. के. आहे: नोंद नीट वाचली तर ती ओ. आर. निघते, 'ऑर्डर रेकॉर्डेड'. हस्ताक्षराचा घोळ.

ग्रीकवेडा

माझं ओला काला मागे घेतो. नाव मात्र बदलणार नाही.

तारमास्तर

निवडणुकीने शब्द जगवला, पण रोजच्या कामाला जुंपला तारेने. १८४४ नंतर अमेरिकेत तारा पसरल्या आणि संदेश पोचला, तपासला, बरोबर आहे, अशी पोच देताना ओ. के. वाजवायची पद्धत रुळली. पोच येईपर्यंत संदेश गेला असं धरायचं नाही.

ही दोन अक्षरं सोयीची का, तेही पाहा. जुन्या अमेरिकन मोर्समध्ये (तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीत) 'ओ' म्हणजे टिंब, छोटी फट, टिंब. 'के' म्हणजे रेघ-टिंब-रेघ. एकूण पाच ठोके. पुढे आंतरराष्ट्रीय मोर्समध्ये 'ओ' तीन रेघांचा झाला, 'के' तोच राहिला.

तारेतल्या ओके-चा अर्थ ध्यानात ठेवा: 'मिळालं, तपासलं, चुकलेलं नाही.' 'वा, काय सुंदर संदेश' असा नव्हे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

चौकट

छपाईतही तेच. प्रूफवर (छपाईआधी तपासायला काढलेल्या कागदावर) ओके म्हणजे 'छापा', मजकूर आवडला असं नाही.

इथे चूक कशी होते ते सांगते. प्रुफावर नुसतं ओके लिहून सही ठोकली की पुढे घोळ. सहीबरोबर तारीख, वेळ आणि प्रूफ कितवं (दुसरं, तिसरं) हे लिहायलाच हवं. नाहीतर टेबलावर दोन ओके केलेली प्रुफं पडतात आणि छापखाना जुनं उचलतो. दुरुस्त्या किरकोळ असतील तर 'ओके विथ करेक्शन्स' लिहितात, म्हणजे दुरुस्त्या करा आणि पुन्हा न दाखवता छापा. ज्या दुरुस्तीने ओळ पुढच्या पानावर सरकू शकते त्या दुरुस्तीला हा शेरा कधीही देऊ नये, पुढचं प्रूफ मागवावं.

रंगीत ऑफसेटला ओके शीट असतं. शाई आणि जुळणी बसेपर्यंत कागद वाया जातात. मनासारखा कागद निघाला की त्यावर सही करून तो यंत्रापाशी ठेवतात आणि पुढची छपाई त्याच्याशी ताडून पाहतात.

धावपट्टी

ओके-चा सर्वांत महागडा गोंधळ विमानवाहतुकीत झालेला आहे, म्हणून लिहितो.

२७ मार्च १९७७, कॅनरी बेटांवरचं टेनेरिफ, लॉस रोडेओस विमानतळ, दाट धुकं. केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमानं एकाच धावपट्टीवर. केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग कळवला होता, उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. सहवैमानिकाने मार्ग परत वाचून दाखवला आणि शेवटी म्हटलं, 'वुई आर नाऊ ॲट टेकऑफ'. नियंत्रक म्हणाला, 'ओके'. मग क्षणभर थांबून, 'स्टँड बाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू'. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमनेही बोलायला बटण दाबलं. दोन प्रक्षेपणं एकमेकांवर आदळली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ, पुढे नुसती शिट्टी, असं ऐकू गेलं. ५८३ जण गेले.

एकट्या ओके-मुळे अपघात झाला असं कुणी म्हणत नाही. धुकं, घाई, कर्णधाराचा दरारा, 'ॲट टेकऑफ'ची मोघम शब्दरचना, सगळं एकत्र आलं. पण ओके-चा दोष तिथे उघडा पडला. त्याचे किमान तीन अर्थ होतात: ऐकलं, समजलं, परवानगी आहे. नियंत्रकाने पहिला वापरला, ऐकणाऱ्याला तिसरा वाटू शकला.

रेडिओवर म्हणून हे तीन अर्थ तीन शब्दांत फोडलेले असतात. 'रॉजर' म्हणजे तुमचं सगळं बोलणं मिळालं, इतकंच. तो होकार नाही. 'अफर्म' म्हणजे हो. 'विल्को' म्हणजे समजलं आणि तसं करतो. आणि 'टेकऑफ' हा शब्द आता फक्त परवानगी देताना किंवा रद्द करताना उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर'.

लेखणीबहाद्दर

अंगावर काटा आला. म्हणजे कामाच्या ठिकाणी सूचनेला नुसतं 'ओके' उत्तर देणं हीच मुळात चूक?

धावपट्टी

सूचना वाचली एवढंच कळवायचं असेल तर चालतं. काही करायचं कबूल करत असाल तर करण्याची गोष्ट त्यातच लिहा. 'ओके' ऐवजी 'ओके, गुरुवारी दुपारपर्यंत पाठवतो'. सूचना परत वाचून दाखवणं म्हणतात ते हेच.

व्याकरणकाकू

आता इंग्रजीतल्या वापराकडे वळते. मराठी माणूस जिथे हमखास घसरतो तेवढंच घेते.

पहिली घसरण, गुणवत्ता. 'द फूड वॉज ओके' म्हणजे जेवण चालण्यासारखं होतं, पुन्हा मुद्दाम जाणार नाही. 'ॲन ओके फिल्म' याहून कोरडं. त्यामुळे कुणी मेहनतीने केलेल्या कामाला 'इट्स ओके' म्हणालात तर समोरचा हिरमुसतो आणि आपल्याला कारण कळत नाही. कारण इतकंच की मराठीतलं 'एकदम ओके' मनात असतं. ते कौतुक आहे. इंग्रजी ओके काठावर पास झालेला आहे. धागाकर्त्यांचा शेरा: ना शाबासकी ना नाक मुरडणं, 'चालेल' एवढंच. पण जिथे शाबासकीची अपेक्षा होती तिथे 'चालेल' हे नाक मुरडल्यासारखंच लागतं.

दुसरी, प्रकृती. 'आर यू ओके?' इथे मात्र ओके जेमतेम नाही, पूर्ण ठीक आहे. पडलेल्या माणसाला विचारतात ते हेच. गुणवत्तेला ओके उणा, सुखरूपपणाला पुरेपूर.

तिसरी आणि सर्वांत फजिती करणारी, नकार. 'वुड यू लाइक सम टी?' याला 'आय ॲम ओके' म्हणालात तर चहा मिळणार नाही. त्याचा अर्थ 'नको, माझं ठीक चाललंय'. चहा हवा असेल तर 'येस, प्लीज'. 'ओके' एवढंच म्हणालात तर चहा मिळेल, पण उपकार केल्यासारखं ऐकू येईल.

चौथी, वाक्याच्या शेवटी लावलेला प्रश्नार्थक ओके. 'सेंड इट बाय फाइव्ह, ओके?' मराठीत 'पाचपर्यंत पाठव, बरं का' म्हणताना लाड असतो. इंग्रजीत वरिष्ठाला असं म्हटलं तर दटावणी होते. तिथे 'वुड फाइव्ह ओक्लॉक बी ओके?' म्हणजे ओके-ला आधी आणून त्याचाच प्रश्न करायचा.

व्याकरणात तो बहुरूपी आहे. विशेषण, क्रियाविशेषण ('शी डिड ओके'), नाम ('गेट द ओके'), क्रियापद ('ही ओके'ड इट'), आणि बोलणं सुरू करायचा नुसता खाकरा ('ओके, लेट्स स्टार्ट'). क्रियापदाचं स्पेलिंग करताना दोन अक्षरांचा ओके घेतला तर पुढे लोपचिन्ह देऊन 'डी' लावायचा. चार अक्षरांचा 'ओ-के-ए-वाय' घेतला तर सरळ 'ईडी'. अमेरिकेतली असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था दोन अक्षरं, टिंबांशिवाय वापरते. न्यू यॉर्क टाइम्सने वर्षानुवर्षं टिंबं दिली. दोन्ही बरोबर, एका लेखात मिसळू नका एवढंच.

बिनकामाचा

आणि चॅटवरचा नुसता 'के'?

व्याकरणकाकू

तो रुसव्याचा. दोन अक्षरांतलं एक अक्षर वाचवलंत म्हणजे समोरच्यासाठी तेवढेही कष्ट नकोत, असा अर्थ घेतात. ओके-पुढे पूर्णविराम दिला तरी तरुण मंडळींना तो थंड वाटतो. 'के' दोनदा लिहिला की पुन्हा गोड. तर्क लावत बसू नका.

पाणबुड्या

बोटांचा ओके राहिला. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ, बाकी तीन बोटं ताठ.

स्कूबा डायव्हिंगमध्ये ही खूण प्रश्नही आहे आणि उत्तरही. प्रशिक्षकाने केली तर 'ठीक आहेस ना?', आणि ठीक असाल तर तीच खूण परत करायची. नुसती मान डोलावलेली चालत नाही, मास्कआडून ती दिसत नाही. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' नाही, 'वर चला'. तारकर्ली-मालवणला पहिल्यांदा उतरणाऱ्यांची हीच चूक होते: खूश होऊन अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना वर आणतो. पाण्यावर लांबून दिसायला हवं असेल तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठा 'ओ' करायचा.

जमिनीवर मात्र खूण जपून. ब्राझीलमध्ये ती शिवी आहे. फ्रान्समध्ये 'शून्य, टाकाऊ' असा अर्थ होऊ शकतो, जपानमध्ये 'पैसे'. अमेरिकेत काही वर्णद्वेष्टे गट ती वापरू लागले म्हणून २०१९ मध्ये अँटी-डिफेमेशन लीग या द्वेषविरोधी संस्थेने तिची द्वेषचिन्हांच्या यादीत नोंद केली, अर्थात बहुतेक लोक ती साध्या अर्थानेच करतात अशी पुस्तीही जोडली. आपल्याकडे ध्यानाला बसलेल्या माणसाची ज्ञानमुद्रा जवळपास अशीच दिसते, फक्त ती कुणाला दाखवायची नसते.

माणदेशी

मराठीतल्या ओके-वर कुणीच बोलेना? २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचा गुवाहाटीहून झालेला फोन साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. झाडी, डोंगार, हाटील आणि शेवटी 'ओक्केमध्ये'. आमच्याकडं हे आधीपासून बोलतात, लोकांना नवल वाटलं एवढंच.

बिनकामाचा

आणि त्यानंतरचं 'पन्नास खोके'...

संचालक

यमक भाषेच्या धाग्यात चालेल. राजकारणासाठी दुसरा विभाग आहे.

व्याकरणकाकू

माणदेशी, तुम्ही दिलेलं उदाहरण सोन्यासारखं आहे. हसण्यावारी नेऊ नका.

इंग्रजीत 'इन ओके' असं कुणी म्हणत नाही. मराठीने ते का केलं? कारण मराठीत माणसाची अवस्था सांगायला सप्तमी लागते: मजेत आहे, सुखात आहे, घाईत आहे, अडचणीत आहे. परका शब्द आला तर '-त' लावणं जड जातं म्हणून 'मध्ये': टेन्शनमध्ये, फॉर्ममध्ये. त्याच साच्यात ओके ओतला की 'ओकेमध्ये'. 'मजेत आहे'चा तो सख्खा भाऊ आहे.

'ओक्के'तलं द्वित्तही आपलंच. जोर द्यायला मधलं व्यंजन दुप्पट करायची मराठीची खोड आहे: सग्गळं, अज्जिबात. आणि 'पक्के' हा त्याचा ध्वनिबंधू आधीच घरात बसलेला होता.

द्विरुक्तीने मात्र तो उलटतो. 'सिनेमा ओके आहे' म्हणजे ठीक, 'सिनेमा ओके-ओके आहे' म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल नाहीत. 'बरा' आणि 'बराबरा' असं होत नाही, पण 'ठीक' आणि 'ठीकठाक' यांत हाच उतार आहे.

लिंग अजून ठरायचंय. 'साहेबांचा ओके आला' (होकार, म्हणून पुल्लिंगी असावा) आणि 'साहेबांचं ओके मिळालं', दोन्ही कानावर येतं. विशेषण म्हणून तो अविकारी आहे. ओके मुलगा, ओके मुलगी.

जुनीपाने

काकू, अनुमोदन. एक भर. 'ऑल' काही 'करेक्ट', 'वेल', 'राइट' असल्याची खात्री देणारा इंग्रजी शब्द मराठीने आधीही गिळलाय. 'आलबेल'. पहारेकऱ्याची हाक, 'ऑल्स वेल'. 'सगळं आलबेल आहे' म्हणताना आता कुणाला इंग्रजी बोलतोय असं वाटत नाही. 'हू कम्स देअर'चं 'हुकुमदार' झालं तेही त्याच पहाऱ्यावर. ओके-ला मात्र वेश बदलावा लागला नाही, दोन्ही अक्षरं मराठी तोंडाला आयतीच सोपी. फक्त इंग्रजीत जोर दुसऱ्या अक्षरावर असतो आणि आपण दोन्ही सपाट म्हणतो.

लेखणीबहाद्दर

मग ओके-ला मराठीत सर्वांत जवळचा शब्द कोणता? ठीक?

व्याकरणकाकू

'बरं'. पडताळून पाहा. कबुली: 'बरं.' विषय बदलणं: 'बरं, उद्याचं काय?' प्रकृती: 'बरी आहे.' बेताची गुणवत्ता: 'बरा आहे सिनेमा.' चारही ठिकाणी इंग्रजी ओके बसतो. 'ठीक'ला विषय बदलता येत नाही, 'चालेल'ला प्रकृती सांगता येत नाही. फरक इतकाच की 'बरं झालं' यातला समाधानाचा सुस्कारा ओके-ला जमत नाही.

खिडकीवाला

ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' विसरलात. मधला ओके म्हणे युद्धकाळातल्या 'ऑन केरोसीन'चा. दुसरे म्हणतात टाटांच्या ओके साबणाची जाहिरात होती. तिसरे म्हणतात मागच्याला पुढे जायला वाट मोकळी आहे हे सांगणारा दिवा तिथे असायचा. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर हे लिहायला मनाई केली, लोक विनाकारण हॉर्न वाजवतात म्हणून.

जुनीपाने

तिन्ही कथांना वरचीच चाळणी लावा: त्या काळातला फोटो, जाहिरात, परिपत्रक. पेट्या दाखवा म्हटल्यावर ग्रीकवेड्यांनी माघार घेतली, इथे ट्रक दाखवा.

बटणमोड्या

माझ्या कामाचा मुद्दा. पडद्यावरचं 'ओके' बटण ॲपलच्या लिसा संगणकापासून रुळलं. आधी त्या बटणावर 'डू इट' होतं. चाचणीत एका वापरकर्त्याने ते 'डोल्ट' वाचलं, म्हणजे मठ्ठ, आणि संगणक मला मठ्ठ का म्हणतोय असं विचारलं. त्या टंकात मोठा 'आय' आणि छोटा 'एल' सारखेच दिसत होते. मग ओके आला. वेब सर्व्हरही सगळं सुरळीत असलं की २०० हा क्रमांक आणि ओके पाठवतो, अगदी तारमास्तरांच्या अर्थाने.

मराठीकरण करताना मात्र हे बटण घात करतं. पडद्यावर प्रश्न येतो, 'ऑर्डर रद्द करायची?' खाली दोन बटणं, 'ओके' आणि 'रद्द करा'. आता 'रद्द करा' दाबलं तर ऑर्डर रद्द होते की रद्द करणं रद्द होतं? इंग्रजीत 'कॅन्सल'चा हाच घोळ आहे. उपाय एकच: बटणावर ओके लिहूच नका, जी क्रिया होणार तिचं क्रियापद लिहा. 'ऑर्डर रद्द करा' आणि 'ऑर्डर ठेवा'. 'फाइल पुसा' आणि 'परत जा'. ओके फक्त तिथे ठेवा जिथे निवडीला वावच नाही, नुसतं 'वाचलं' म्हणायचंय. तिथेही 'समजलं' जास्त बरं.

चौकट

आणि छापताना टिंबं देऊ नका. 'ओ. के.' नव्हे, 'ओके'. आद्याक्षरं कशाची हे वाचणाऱ्याच्या मनात उरलेलं नाही, तो आता अख्खा शब्द आहे. विभक्ती लागली की जोडून: ओकेमध्ये, ओकेचा. वर या धाग्यात सगळ्यांनी मध्ये आडवी रेघ दिलीये ती काढली तरी चालेल.

बिनकामाचा

ओके.

व्याकरणकाकू

पूर्णविराम दिलात!